थायरॉइडची गोळी सोसत नाही, पातळ औषध कोणतं मागवू?

प्रश्न थोडक्यात असा: सासूबाई ७१ वर्षांच्या, वजन ५८ किलो, थायरॉइड कमी असल्याचं निदान जुनं आहे. रोज सकाळी लिव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या हॉर्मोनची (थायरॉक्सिनची), ७५ मायक्रोग्रॅमची गोळी. गेलं वर्षभर गोळी घेतली की मळमळतं, छातीत अडकल्यासारखं होतं, अधूनमधून अंगाला खाज येते आणि कधी कधी तासाभरात धडधडतं. कंपनी तीनदा बदलून झाली. टीएसएच (रक्तातला हा आकडा हॉर्मोन कमी पडला की चढतो, जास्त झाला की उतरतो) आधी ९.८, मग ०.६ आणि आता ७.४. सोबत पॅन्टोप्राझोल ही पित्ताची गोळी आणि कॅल्शियम चालू आहे. नणंद न्यू जर्सीत असते आणि तिकडून पातळ औषध पाठवायला तयार आहे. तर कोणतं मागवायचं आणि किती द्यायचं?

नाव पुढे सांगतो. पण ‘पातळ’ हे काही एकच औषध नाही. त्याचे चार-पाच प्रकार आहेत, प्रत्येकाची तीव्रता वेगळी आणि आतले घटकही वेगळे. त्यामुळे सासूबाईंना नेमकं काय सोसत नाही हे न शोधता बाटली मागवली, तर गोळीचे तीन प्रयोग झाले तसा हा चौथा होईल, आणि तो बराच महागात पडेल.

न सोसण्याची कारणं साधारण चार. गोळी नीट खाली उतरत नाही. गोळीतला हॉर्मोन सोडून बाकीचा माल, म्हणजे रंग, लॅक्टोज (दुधातली साखर), डिंक, स्टार्च वगैरे त्रास देतो. हॉर्मोनच जास्त किंवा कमी पडतोय. किंवा गोळीचा दोष काहीच नाही, उपाशीपोटी काहीही घेतलं तरी जुनी आम्लपित्ताची तक्रार वर येते. तुमच्या वर्णनात या चारही गोष्टींचे धागे दिसतात, म्हणून ते एकेक करून सोडवू.

आधी टीएसएच. लिव्होथायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. म्हणून मात्रा किंवा कंपनी बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिर व्हायला सहा आठवडे द्यावेच लागतात. तीन आठवड्यांत तपासणी करून ‘ही कंपनी चालत नाही’ म्हणत दुसरी आणली, तर दुसऱ्या तपासणीत पहिल्या कंपनीचाच अर्धा हिशोब दिसतो. तुमचे तीन आकडे कोणत्या तारखेचे आहेत आणि त्या वेळी कोणती गोळी किती आठवडे चालू होती, हे एका कागदावर लिहून काढा. निम्मं कोडं बहुधा तिथेच सुटेल. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही लिहा. बायोटिनमुळे काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत टीएसएच खोटं कमी दिसतं. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी ते बंद ठेवायचं, मात्रा मोठी असेल तर त्याहून जास्त दिवस.

आता कॅल्शियम आणि पॅन्टोप्राझोल. लोक दोन्हींना एकाच पंक्तीत बसवतात, पण त्यांचं काम वेगळं चालतं. कॅल्शियम आणि लोह आतड्यात थायरॉक्सिनला चिकटून बसतात, म्हणून मध्ये चार तासांचं अंतर ठेवलं की प्रश्न मिटतो. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर द्या, विषय संपला. पॅन्टोप्राझोलचं तसं नाही. ते पोटातलं आम्लच कमी करतं, तेही दिवसभरासाठी, आणि गोळी विरघळायला ते आम्ल लागतं. त्यामुळे दोन्हींत कितीही तासांचं अंतर ठेवलं तरी फरक पडत नाही. इथे दोनच मार्ग. पॅन्टोप्राझोलची आता खरंच गरज आहे का हे डॉक्टरांना विचारायचं (पूर्वी कधीतरी पित्त झालं म्हणून सुरू झालेलं ते वर्षानुवर्षं चालू राहतं, हे घरोघरी दिसतं). किंवा ज्याला विरघळण्याची गरजच नाही असं थायरॉक्सिन द्यायचं. पातळ औषधाचा खरा, सिद्ध झालेला फायदा तो हाच. चव किंवा सौम्यपणा या त्यापुढे दुय्यम गोष्टी.

गोळी उतरण्याबद्दल. काही गोळ्या ओलावा लागताच फुगतात आणि अन्ननलिकेत चिकटतात. एका घोटाबरोबर घेऊन लगेच पुन्हा आडवं झाल्यास छातीत अडकल्यासारखं वाटतं, मळमळतं. सरळ बसून पूर्ण ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. एवढ्यानेच काहींची तक्रार थांबते.

ते करून झालं आणि तरीही त्रास आहे, तर घरच्या घरी एक साधी परीक्षा घेता येते. तीच गोळी दोन स्वच्छ चमच्यांच्या मध्ये बारीक चुरायची, चहाच्या एक-दोन चमचे, म्हणजे ५ ते १० मिली पाण्यात ढवळायची आणि लगेच द्यायची. वाटीत पुन्हा तेवढंच पाणी घालून खळबळायचं आणि तेही द्यायचं, कारण तळाला पूड राहते. असं आठवडाभर करा. चुरलेल्या गोळीत घटक तेच आहेत, फक्त गोळी म्हणून गिळणं गेलं. त्रास थांबला तर अडचण गिळण्याची होती. पातळ औषध परदेशातून आणायची गरज नाही, हेच रोज करा. त्रास तसाच राहिला तर घटकांकडे किंवा हॉर्मोनकडे वळायचं. एक पथ्य मात्र कडक: चुरलेलं मिश्रण करून ठेवायचं नाही. पाण्यात मिसळलेलं थायरॉक्सिन टिकत नाही, आणि पूड खाली बसल्यामुळे सकाळचा चमचा आणि संध्याकाळचा चमचा सारखा राहत नाही. दुधात, सोया दुधात किंवा चहात तर मुळीच मिसळू नका.

घटकांबद्दल लोकांचा पहिला संशय लॅक्टोजवर जातो. बऱ्याच गोळ्यांत ते असतं हे खरं, पण प्रमाण बघा: एका गोळीत साधारण ०.१ ग्रॅम किंवा त्याहून कमी. दुधात लॅक्टोज पाच टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे चहात पडणाऱ्या ५० मिली दुधात सुमारे अडीच ग्रॅम. सासूबाई दिवसाला दोन कप दुधाचा चहा बिनतक्रार पीत असतील तर गोळीतल्या लॅक्टोजमुळे मळमळण्याची शक्यता फारच थोडी. दूध, बासुंदी, पेढा यांपैकी काहीच पचत नसेल तर गोष्ट वेगळी. अशा लोकांना थायरॉक्सिनची मात्राही जास्त लागते असं दिसून आलं आहे.

खाज असेल तर रंगाकडे पाहा. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्यांना ओळखीसाठी वेगवेगळे रंग देतात. अमेरिकेत बऱ्याच कंपन्यांची ५० ची गोळी पांढरी, बिनरंगाची असते, म्हणून तिकडे रंगाची ॲलर्जी असलेल्यांची मात्रा ५० च्या गोळ्यांनीच जुळवतात. आपल्याकडेही खोक्यावर घटकांत रंगाचं नाव छापलेलं असतं. पांढरी ५० ची गोळी मिळाली तर ७५ म्हणजे दीड गोळी. अर्धी करताना गोळी तोडायची छोटी डबी वापरा, सुरीने केलेले तुकडे कधी सारखे होत नाहीत. खाजेबरोबर ओठ-डोळे सुजणं, गांध्या किंवा श्वास लागणं असेल तर हे प्रयोग घरी नकोत. आधी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे.

धडधडीची वेळ महत्त्वाची. थायरॉक्सिन हे सावकाश चालणारं औषध आहे. शरीर त्यातून टी-३ हा प्रत्यक्ष काम करणारा हॉर्मोन हळूहळू बनवतं, आणि एका गोळीचा परिणाम अनेक दिवसांवर पसरतो. मात्रा जास्त झाल्याची धडधड दिवसभर, रात्री पडल्यावरही जाणवते, सोबत हात थरथरतात, वजन उतरतं आणि टीएसएच खाली जातो. गोळीनंतर बरोबर तासाभराने येऊन जाणारी धडधड बहुतेक वेळा हॉर्मोनची नसते. त्या वेळी चहा झालेला असतो, पोट रिकामं असतं, पित्त वर आलेलं असतं. दोन आठवडे रोज सकाळी उठल्यावर, धडधडेल तेव्हा आणि रात्री झोपताना पूर्ण एक मिनिट नाडी मोजून वहीत लिहा. नाडी अनियमित लागली, मध्येच ठोका चुकतोय असं वाटलं तर ईसीजी आधी, थायरॉइडचं नंतर. ०.६ हा आकडा स्वतःहून धोक्याचा नाही, पण सत्तरीपुढच्या बाईला टीएसएच खाली ढकलून काही मिळत नाही. हृदयाचे ठोके बिघडण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका मात्र वाढतो. या वयात टीएसएच ४ ते ६ च्या दरम्यान असला तरी अनेक तज्ज्ञ समाधानी असतात. त्यामुळे ७.४ पाहून घाबरून मात्रा वाढवायला जाऊ नका.

उपाशीपोटीच त्रास होत असेल तर रात्रीची वेळ करून बघा: जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना. सकाळच्या इतकंच किंवा थोडं जास्तच शोषण होतं. मग कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर ढकला. मात्रा पुरेशी आणि पथ्य चोख असूनही टीएसएच चढाच राहिला, तर डॉक्टरांना एच. पायलोरी (पोटातला एक जंतू) आणि सीलिॲक आजार (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो) यांची तपासणी करायला सांगा. दोन्हींत गोळी शोषली जात नाही, आणि मळमळही त्यांचीच असू शकते.

हे प्रकार करूनही सोसत नसेल, तर तो सगळा मनाचा खेळ आहे असं कोणी म्हणू देऊ नका. फ्रान्समध्ये २०१७ साली लिव्होथायरॉक्स या गोळीतून लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक ॲसिड घातलं. हॉर्मोन तोच, मात्रा तीच. तरी हजारो रुग्णांनी तक्रारी नोंदवल्या आणि त्याच वर्षी सरकारला जुना प्रकार परत उपलब्ध करून द्यावा लागला. न्यूझीलंडमध्ये एल्ट्रॉक्सिनचे घटक बदलल्यावर २००८ च्या सुमारास असंच झालं. ब्रिटनच्या औषध नियामकाने मे २०२१ मध्ये डॉक्टरांना लेखी सूचना दिली: कंपनी बदलल्यावर त्रास होत असेल तर एकाच कंपनीवर रुग्णाला स्थिर ठेवा, आणि तरीही जमलं नाही तर पातळ औषधाचा विचार करा. हा क्रम मला पटतो. तुमच्याकडे तो उलटा झाला, कंपन्या बदलत गेल्या. औषधवाल्याला स्पष्ट सांगा, ‘तीच कंपनी, नसेल तर दोन दिवस थांबतो.’

आता पातळ औषधं. नणंदबाई अमेरिकेत आहेत म्हणून तिथलीच आधी. टिरोसिंट-सोल हे १ मिलीच्या लहान प्लॅस्टिक कुप्यांत येतं. एक कुपी म्हणजे एक दिवस. आत लिव्होथायरॉक्सिन, ग्लिसरॉल आणि पाणी, बाकी काही नाही: रंग नाही, लॅक्टोज नाही, मद्यार्क नाही, टिकाऊपणाचं रसायन नाही. १३ पासून २०० मायक्रोग्रॅमपर्यंत ताकदी आहेत आणि ७५ ची वेगळी कुपी मिळते. घटकांचा संशय असलेल्या, पित्ताची गोळी चालू असलेल्या माणसासाठी मी हेच सुचवेन. मोजायचं काही नसल्यामुळे चूक व्हायलाही जागा नाही. कुपीचं टोक पिळून तोडायचं, सगळं थेट तोंडात किंवा पाण्यात पिळायचं. पाण्यात घेतलं तर लगेच प्यायचं आणि भांडं विसळून तेही प्यायचं. पाण्याखेरीज कशात मिसळायचं नाही. नाश्ता आणि चहा पंधरा मिनिटांनी चालतो, गोळीला अर्धा ते एक तास थांबावं लागतं. ग्लिसरॉलमुळे चव किंचित गोडसर लागते. कुप्या पाकिटातच ठेवायच्या, एकदम सगळ्या काढून डबीत भरायच्या नाहीत.

तिथेच थायक्विडिटी आणि एर्मेझा ही बाटलीतली औषधं आहेत. थायक्विडिटीत एका मिलीत २० मायक्रोग्रॅम, एर्मेझात ३०. म्हणजे ७५ साठी पहिल्याचं ३.७५ मिली, दुसऱ्याचं २.५ मिली. बाटली बदलली आणि पिचकारीवरची खूण तीच ठेवली तर ७५ च्या जागी ११२ पोटात जातात. सत्तरीच्या हृदयाला दोन आठवड्यांत ते कळतं. ब्रिटनमध्ये तर ५ मिलीत २५, ५० आणि १०० अशा तीन ताकदी विकतात: ७५ साठी अनुक्रमे १५, ७.५ आणि ३.७५ मिली. बाटलीतलं औषध उघडल्यावर टिकावं म्हणून त्यात बऱ्याचदा पॅराबेनसारखं काही घातलेलं असतं. खाजेच्या रुग्णासाठी लेबल वाचल्याशिवाय ते आणू नका. उघडल्यानंतर ते काही आठवडेच चालतं. मुदत लेबलावर असते, आणि उघडल्याची तारीख आपण बाटलीवर पेनाने लिहायची. स्वयंपाकघरातला चमचा वापरायचा नाही. सोबत आलेली तोंडाने द्यायची पिचकारीच वापरायची, आतला हवेचा बुडबुडा काढून.

युरोपातले दोन प्रकार ओळखून ठेवा, कारण नातेवाईक तिकडूनही पाठवतात. इटलीत टिरोसिंट याच नावाने मिळणाऱ्या द्रावणात मद्यार्क असतो, नाव सारखं म्हणून अमेरिकेतलंच समजू नका. फ्रान्समधल्या थेंबांच्या औषधात एक थेंब ५ मायक्रोग्रॅमचा, म्हणजे ७५ साठी पंधरा थेंब, आणि बाटली फ्रिजमध्ये. बाटली तिरपी धरली की थेंबाचा आकार बदलतो. अधू नजरेच्या माणसाने रोज पंधरा थेंब मोजणं मला धोक्याचं वाटतं.

आपल्याकडे दुकानात ‘थायरॉइड ड्रॉप्स’ किंवा ‘थायरॉइड सिरप’ या नावाने जे हमखास मिळतं, ते हे नव्हे. होमिओपॅथी, वनौषधी किंवा आयोडीन-केल्पचे (केल्प म्हणजे समुद्री शेवाळ) ते थेंब असतात. त्यांत लिव्होथायरॉक्सिन नसतं, आणि जास्त आयोडीनने बिघडलेलं थायरॉइड आणखी बिघडू शकतं. लेबलावर ‘लिव्होथायरॉक्सिन सोडियम’ आणि मिलीमागे मायक्रोग्रॅम हे दोन्ही छापलेलं नसेल तर गोळी बंद करून ते सुरू करू नका.

पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागणाऱ्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट, तुमच्याकडे तसं नसलं तरी. अशा रुग्णाला पाण्यासारखं पातळ औषध गोळीपेक्षा जास्त धोक्याचं ठरू शकतं, कारण ते श्वासनलिकेत उतरतं. १५ मिलीचा डोस तर नकोच. आधी गिळण्याची तपासणी करून घ्यावी. नाकातल्या नळीतून चुरलेली गोळी दिली तर तिचा मोठा भाग नळीच्या प्लॅस्टिकलाच चिकटून वाया जातो. तिथे तयार द्रावणच बरं, आणि नळीतून दिलं जाणारं अन्न आधी-नंतर एक तास थांबवायचं.

आणायचं कसं? अमेरिकेत हे चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि तिथली चिठ्ठी तिथल्या डॉक्टरांचीच लागते. नणंदबाईंनी दुकानात जाऊन घेतलं असं होत नाही. भारताच्या १९४५ च्या औषध नियमांत प्रवासी स्वतःच्या वापरासाठी एका औषधाच्या शंभर सरासरी मात्रांपर्यंत सामानातून आणू शकतो. पण ते औषध त्या प्रवाशाच्या स्वतःच्या वापराचं असावं अशी अट आहे. म्हणजे सासूबाई तिकडे जाऊन, तिथल्या डॉक्टरांना दाखवून, परत येताना आणत असतील तर सरळ रस्ता. कुरिअरने किंवा दुसऱ्याच्या हातून मागवायचं तर इथल्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीसह फॉर्म १२-अ भरून परवाना, म्हणजे १२-ब, घ्यावा लागतो. त्याआधी इथल्या एंडोक्रायनॉलॉजिस्टना (हॉर्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरांना) आणि मोठ्या रुग्णालयाच्या औषधालयाला पातळ प्रकाराची चौकशी करा. इथेच सोय झाली तर पुरवठ्याची काळजी मिटते.

सुरू करताना मात्रा डॉक्टर ठरवतील. सहसा तीच, ७५ ला ७५. पण सासूबाईंच्या बाबतीत एक गोष्ट त्यांच्या कानावर घाला: पॅन्टोप्राझोलमुळे गोळी अर्धवट शोषली जात असेल, तर द्रावणातून तेच ७५ जास्त भरतील. म्हणून पहिली टीएसएच आणि फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) यांची तपासणी सहा आठवड्यांनी, आणि मधल्या काळात नाडीची वही चालू. विश्रांतीतली नाडी आठवडाभर नेहमीपेक्षा चढी राहिली किंवा छातीत दुखलं तर सहा आठवड्यांची वाट पाहायची नाही. याच काळात पॅन्टोप्राझोल बंद करणं, कॅल्शियमची वेळ बदलणं, नवीन लोहाची गोळी, हे काही करू नका. एका वेळी एकच बदल, नाहीतर सहा आठवड्यांनी आलेला आकडा कशाचा हे कोणालाच सांगता येणार नाही.

आणि साठा. अमेरिकेतल्या एका खोक्यात तीस कुप्या येतात, म्हणजे तीन खोकी आणली तरी तीन महिने. ती संपत आली की घाईघाईने मिळेल ती गोळी सुरू होते, आणि टीएसएच पुन्हा झोके घेतो. तिसरं खोकं उघडाल त्या दिवशीच पुढची सोय झाली आहे का ते बघा. नसेल तर त्या कुप्या चालू असतानाच कोणत्या कंपनीची, किती ताकदीची गोळी, चुरून की अख्खी, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्या बदलानंतरही सहा आठवड्यांनी रक्त तपासा.